अंजनीबाईंचा ओला रुमाल

अंबरनाथ पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर अंजनीबाईंची गॅलरी आहे. तिथे माणसाला उभं राहायला जागा नाही, कारण तिथे झाडं राहतात. कपडे वाळत घालायचे तर आधी झाडांची परवानगी लागते. ती अंजनीबाईंमार्फत मिळते, म्हणजे बहुतेक मिळतच नाही. त्यामुळे त्यांच्या नवऱ्याचे बनियन बारा महिने बाथरूमच्या दारामागे सुकतात.

यातलं एकही झाड विकतचं नाही, हे त्या छाती पुढे काढून सांगतात. नर्सरीत पैसे मोजून रोप आणणं त्यांना तयार पुरणपोळ्या विकत आणण्याइतकं लाजिरवाणं वाटतं. त्यांचं म्हणणं असं, की विकत आणलेलं रोप रुसतं. मागून आणलेलं जगतं, पण जीव धरत नाही. आणि गुपचूप खुडून आणलेलं रोप घरजावयासारखं पाय पसरून बसतं. मनी प्लांटच्या बाबतीत हे अर्धा महाराष्ट्र मानतो. अंजनीबाईंनी तो नियम गुलाबापासून कढीपत्त्यापर्यंत सगळ्यांना लावला, इतकंच. 'चोरी' हा शब्द त्यांच्यासमोर कुणी काढलेला त्यांना खपत नाही. त्या 'खुडलं' म्हणतात.

या कामासाठी त्यांच्या पर्समध्ये तीन वस्तू कायम असतात. एक ओला रुमाल, एक धुतलेली दुधाची पिशवी आणि कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड. लग्न असो, बारसं असो की दवाखाना असो, घराबाहेर पडताना मोबाइल विसरेल, पण रुमाल ओला करायचा राहणार नाही. गॅलरीतल्या झाडांना नावंही ज्याच्या त्याच्या माहेरावरून दिलेली आहेत. दातांच्या दवाखान्यातली कोरफड म्हणजे 'डॉक्टर'. मंगल कार्यालयाच्या कुंपणावरची गोकर्ण म्हणजे 'वरात'. त्यांच्या नात्यातले गुरुदत्तभाऊजी वारले तेव्हा त्या भेटायला गेल्या, पोटभर रडल्या, आणि डोळ्यांना पदर लावून अंगणातून बाहेर पडताना अबोलीचा एक तुरा घेऊन आल्या. तेव्हापासून घरात "गुरुदत्तभाऊजींना पाणी घातलं का?" असं विचारलं जातं, आणि नवीन पाहुणा दचकतो.

त्यांचे यजमान हिंदुराव हे दुसरं टोक. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात त्यांनी सारी नोकरी स्टोअरकीपर म्हणून काढली. गेटपास दाखवल्याशिवाय त्यांनी तिथून स्क्रूसुद्धा बाहेर जाऊ दिला नाही. निवृत्तीच्या दिवशी सत्कार झाला, हार घातला, आणि घरी निघताना शर्टाच्या खिशात कंपनीचं पेन राहिलेलं दिसलं म्हणून हे गृहस्थ हार घालूनच गेटवरून माघारी फिरले. अशा माणसाच्या नशिबी अशी बायको. ती घरी येऊन पर्समधून डहाळी काढायची, आणि हे चष्म्यावरून बघत एकच प्रश्न विचारायचे.

"याचा गेटपास?"

"वास घ्या," असं म्हणून अंजनीबाई डहाळी त्यांच्या नाकाशी धरायच्या. हिंदुरावांना झाडातलं काडीचं कळत नाही. मोगरा आणि तगर यांतला फरक ते अजून अंदाजानेच सांगतात.

एवढं खरं, की घेणारा हात द्यायलाही मागे नव्हता. बिल्डिंगमधल्या कुणाला काही हवं असेल तर त्याने तोंडाने मागायचं नाही. गॅलरीत यायचं आणि नुसतं झाडाकडे बघत राहायचं. मग अंजनीबाई म्हणायच्या, "बाई गं, दूध उतू जातंय वाटतं," आणि पाठ फिरवून आत जायच्या. गॅसवर दूध नसायचंच. पाहुणीने तेवढ्यात खुडायचं, पदरात लपवायचं आणि इकडच्या तिकडच्या गप्पा मारत निघून जायचं. ही पद्धत त्यांच्या आईची. आई माहेरी, तिकडे महाडच्या बाजूला, असंच करायची.

आता मुख्य गोष्ट. यांची मुलगी अक्षदा. झाडांचं वेड तिने आईकडून घेतलं आणि प्रामाणिकपणा बापाकडून, त्यामुळे तिचे हाल ठरलेलेच होते. बागकामाचं रीतसर शिक्षण घेऊन ती बदलापूरच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी एका मोठ्या बागेत नोकरीला लागली. मालकांचं नाव शरदचंद्र. मुंबईत त्यांचा मोठा धंदा. इथे त्यांनी तळं, फुलांचे ताटवे, परदेशी झाडं, बांबूचं जेवणघर असं सगळं उभं केलं होतं, आणि दर रविवारी तिथे शेतकरी बाजार भरायचा. फाटकावर इंग्रजीत लांबलचक नाव होतं. गावातली माणसं 'शेटची बाग' म्हणून मोकळी व्हायची.

अक्षदाला सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं आणि ते सहा महिने आता संपत आले होते. नेमकं त्याच वेळी बागेतल्या डहाळ्या जायला लागल्या. रविवारी शहरातून माणसं यायची आणि जाताना काहीतरी मोडून न्यायची. एक दुर्मीळ झुडूप तर बोडकं व्हायला आलं होतं. शरदचंद्रांनी तिला बोलावून स्पष्ट सांगितलं, की येत्या रविवारी बागेतली एक डहाळी जरी गेली, तरी बागेची जबाबदारी मी दुसऱ्या कुणाला देईन.

आणि त्याच रविवारी कर्मचाऱ्यांच्या आईवडिलांना बाग बघायला आणि जेवायला बोलावलं होतं.

शनिवारी रात्री जेवताना अक्षदाने विषय काढला.

"आई, एक पानसुद्धा नाही हं."

"म्हणजे काय? मी काय चोर आहे?"

अक्षदाने बापाकडे बघितलं. बापाने आमटीत बघितलं.

"आई, माझी नोकरी आहे ती. उद्या गेटवर सगळ्यांच्या बॅगा चेक होणार, तुझीपण. तू रुमाल घरी ठेव."

"रुमाल बाईमाणसाला लागतो."

"मग कोरडा घे."

"कोरड्याचा काय उपयोग?" अंजनीबाई बोलून गेल्या. शेवटी अक्षदाने त्यांना गॅलरीत नेऊन गुरुदत्तभाऊजींवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. त्यांनी ती घेतली, पण मनाला लागलं. पोटच्या पोरीने आपल्यावर भरवसा ठेवू नये याचं वाईट वाटलं. तिचं चुकतंय असंही म्हणता येईना, म्हणून आणखीच वाईट वाटलं.

रविवारी दोघं निघाली. हिंदुरावांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला आणि ऊन म्हणून लांब दांड्याची काळी छत्री घेतली. अंजनीबाईंनी बेसिनवर रुमाल ओला केला, पिळला आणि पर्समध्ये टाकला. सवयीचा हात, तो शपथेला थोडाच विचारतो. बदलापूरहून रिक्षा केली. फाटकावर अक्षदा गणवेशात उभी होती. गळ्यात ओळखपत्र, हातात वॉकीटॉकी. लेकीचा तो रुबाब बघून अंजनीबाईंचा सगळा राग विरघळला.

आत शिरल्या शिरल्या फोटो काढायला एक मोठी कमान होती. पांढऱ्या फुलांनी आणि जाड हिरव्या पानांनी ती गच्च भरली होती. अक्षदा आणि बाकीची मुलं ती शुक्रवारी रात्री जागून सजवत बसली होती. तिने आईबाबांना खाली उभं करून फोटो काढला. फोटोत हिंदुराव कॅमेऱ्याकडे बघतायत, आणि अंजनीबाई लांबच्या कुठल्याशा कुंडीकडे.

बाजार एका मोठ्या शेडखाली होता. टेबलांवर कापडं अंथरून वांगी, शेवग्याच्या शेंगा, मधाच्या बाटल्या अशा काही मांडल्या होत्या की हात लावायची भीती वाटावी. अंजनीबाईंनी पाव किलो भेंडी घेतली आणि सवयीने म्हणाल्या, "वर दोन मिरच्या आणि कोथिंबीर टाक."

टेबलामागच्या मुलीने त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी तिच्याकडे. मग अंजनीबाईंनी कपाळाला हात लावला.

"अगं, तू तर कॅम्प चारमधल्या पडद्याच्या दुकानातली ना? मागच्या दिवाळीला माझ्या गळ्यात विटलेला पडदा मारलास!"

"आंटी, धीरे बोलो ना," मुलगी इकडेतिकडे बघत पुटपुटली. "चाचाजी का खेत है वांगणी में. सोमवार से शनिवार पडदे, संडे को किसान."

"आणि डोक्याला हे फडकं?"

"वो कंपल्सरी है आंटी. फोटो के लिए."

असं म्हणून तिने मूठभर कोथिंबीर आणि चार मिरच्या पिशवीत टाकल्या. अंजनीबाईंनी पडद्याचा विषय तिथेच मिटवला.

मग बाग. अंजनीबाई हात पाठीमागे बांधून चालत होत्या, आणि ते हात एकमेकांना घट्ट धरून होते. काय एकेक झाडं होती! लिलीचे पाच रंग, तीन जातींची मधुमालती, आणि एक जास्वंद तर ताटलीएवढी. दर झाडापाशी पाटी होती, 'पाने-फुले तोडू नयेत'. हिंदुराव प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत होते. आठवी पाटी वाचल्यावर अंजनीबाई म्हणाल्या, "कळलं हो, मला वाचता येतं."

तळ्याच्या मागे वळण घेतलं आणि त्या थबकल्या. आधी वास आला. पिकलेल्या कवठासारखा, गोड, थोडा आंबूस. मग झाड दिसलं. पुरुषभर उंच, काळपट हिरवी जाड पानं, आणि खाली मान घातलेलं एक पांढरं फूल. आदल्या संध्याकाळी उमललेलं असणार, पाकळ्या आता गळायला आल्या होत्या. कवठी चाफा.

अंजनीबाईंच्या माहेरी न्हाणीघराच्या पाण्यावर हा चाफा वाढला होता. संध्याकाळ झाली की त्याचा वास ओटीपर्यंत यायचा. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरपणाला गेल्या तेव्हा आई त्या झाडापाशी उभी राहून म्हणाली होती, "मी पाठ फिरवते, ने तू." अंजनीबाई म्हणाल्या, आता कशाला, भाड्याची खोली आहे, कुंडी ठेवायला जागा नाही, पुढच्या खेपेला नेईन. पुढच्या खेपेला आई नव्हती. मग भावाने स्लॅबचं घर बांधलं आणि झाड गेलं. त्यानंतर अंजनीबाईंनी दिसेल त्या कुंपणावरून काहीबाही खुडलं, गॅलरी भरली, पण हे झाड पुन्हा दिसलं नव्हतं.

"हेच का ते?" हिंदुरावांनी विचारलं. लग्नापासून त्यांनी या झाडाबद्दल इतकं ऐकलं होतं, की न ओळखूनही त्यांनी ओळखलं.

अंजनीबाई नुसत्या मान हलवत राहिल्या. डोळे भरून आले होते. हिंदुराव जरा लांब जाऊन बाकावर बसले. बायको रडायला लागली की जवळ थांबावं की लांब जावं हे त्यांना अजून कळलेलं नाही, म्हणून ते मधलं अंतर धरतात.

झाडापाशी एक रखवालदार होता. त्याने खिशातून तंबाखूची पुडी काढली, चुना लावला, आणि साहेबांना दिसू नये म्हणून तळ्याकडे तोंड करून मळत उभा राहिला.

म्हणजे त्याने पाठ फिरवली होती! अंजनीबाईंच्या कायद्याने झाड त्या घडीला त्यांचंच होतं. हाताच्या अंतरावर एक कोवळी डहाळी होती, जणू घेऊन जा म्हणत होती. त्यांचा हात पाठीमागून सुटला, पर्सपाशी गेला, चेन उघडली, बोटांना रुमालाचा गारवा लागला. त्यांना आई दिसली. आणि मग फाटकावर वॉकीटॉकी घेऊन उभी असलेली अक्षदा दिसली.

त्यांनी चेन लावली. झाडाला म्हणाल्या, "राहा बाबा इथेच, बरं चाललंय तुझं," आणि मागे न बघता चालायला लागल्या. असा अवघड दिवस त्यांनी स्वतःच्या लग्नातही काढला नव्हता.

जेवण झालं. पिठलं-भाकरी केळीच्या पानावर, आणि वर एक फूल ठेवलेलं. ते खायचं की काढायचं यावर हिंदुरावांचा बराच वेळ गेला. जेवल्यावर ते म्हणाले, "तू हो पुढे, मी जरा जाऊन येतो," आणि छत्री घेऊन गेले. बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. डोक्यावर ऊन तापत होतं, तरी छत्री मिटलेली, आणि ती त्यांनी तान्ह्या मुलासारखी छातीशी धरली होती.

"उघडा की छत्री," अंजनीबाई म्हणाल्या.

"बिघडलीय."

"सकाळी तर चालू होती."

"आता बिघडलीय ना! तू चल बघू."

फाटकाशी रांग लागली होती. सुरक्षारक्षक बॅगा उघडून बघत होता. शेजारी शरदचंद्र स्वतः उभे होते आणि त्यांच्या बाजूला अक्षदा. आईला रांगेत बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला. अंजनीबाईंनी पर्स टेबलावर उपडी केली. चष्म्याचं घर निघालं, रामरक्षा निघाली, आल्याच्या वड्या निघाल्या. मग ओला रुमाल. मग दुधाची पिशवी. मग ब्लेड.

सगळ्यांच्या माना टेबलाकडे वळल्या. सुरक्षारक्षकालाही कामाचा अनुभव होता.

"काकी, हा रुमाल ओला कशाला?" शरदचंद्रांनी विचारलं.

"ऊन आहे ना साहेब. डोक्यावर घ्यायला."

"आणि पिशवी?"

"ओला रुमाल ठेवायला."

"आणि ब्लेड?"

अंजनीबाईंनी लेकीकडे बघितलं. तिने डोळे मिटले होते.

"नखासाठी. मध्येच तुटलं तर."

सुरक्षारक्षकाने रुमाल उलगडला, पिशवी झटकली, पर्सचा कप्पा न् कप्पा चाचपला. काही नव्हतं. एक पान नव्हतं. अक्षदाने डोळे उघडले, रिकामी पर्स बघितली आणि सगळ्यांसमोर आईच्या गळ्यात पडली. "सॉरी आई, सॉरी," एवढंच म्हणत राहिली. अंजनीबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि शरदचंद्रांकडे बघून म्हणाल्या, "पोरगी हळवी आहे हो."

या गडबडीत हिंदुराव छत्रीसकट फाटकाबाहेर गेलेले होते. निवृत्त स्टोअरकीपरच्या चेहऱ्याकडे बघून कुणालाही शंका आली नसती. रिक्षा घरापर्यंत येईतो त्यांनी छत्री हातावेगळी केली नाही.

घरी येऊन त्यांनी दार लावलं, कडी घातली, खिडकीचा पडदा ओढला. मग टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर छत्री हळूच उघडली. आतून एक डहाळी पडली. जाड हिरवी पानं आणि एक पांढरं फूल.

अंजनीबाई डहाळीकडे बघत राहिल्या, मग नवऱ्याकडे.

"याचा गेटपास?" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"नाहीय," हिंदुराव म्हणाले. "मी परत गेलो, तर तो माणूस झाडापाशीच उभा. मग बघतो तर तीच फुलं आपल्या त्या फोटोच्या कमानीला. तिथे पाटी नव्हती. मी दोन्ही बाजूंनी नीट बघितलं, कुठेच पाटी नव्हती. म्हणून घेतली."

अंजनीबाईंना हसू आणि रडू एकदमच आलं. या माणसाने, पेनासाठी माघारी फिरणाऱ्या माणसाने, त्यांच्यासाठी डहाळी खुडली होती. त्यांनी घाईने पर्समधून ब्लेड काढलं. देठ तिरका कापायचा, तरच मुळं फुटतात. त्यांनी ब्लेड टेकवलं आणि ते करकरलं. जोर लावला. हिरवी साल निघाली आणि आतून तार दिसली.

त्यांनी फुलाला नाक लावलं. वास नव्हता. पान बोटांनी चोळलं. प्लॅस्टिक होतं.

हिंदुराव चष्मा पुशीत त्यांच्यासमोर उभे होते, निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखे. "लागेल ना गं?"

अंजनीबाईंनी ओला रुमाल देठाभोवती पटकन गुंडाळला, तार झाकली.

"लागणारच. खुडून आणलंय ना."

त्यांनी सगळ्यात चांगली कुंडी काढली, माती कालवली, डहाळी खोचली आणि वर पाणी घातलं.

संध्याकाळी अक्षदा पेढे घेऊन आली. हिंदुराव तेव्हा खाली दूध आणायला गेले होते. "आई, मला कायम केलं! सगळी बाग फिरून बघितली, एक डहाळी गेली नाही. फक्त कमानीची एक फांदी कुणीतरी नेली. साहेब हसत होते, म्हणाले, प्लॅस्टिक चोरणारा हा कोण शहाणा..." बोलता बोलता ती गॅलरीत आली आणि तिची नजर नव्या कुंडीवर पडली. तोंड उघडंच राहिलं.

तेवढ्यात दार वाजलं. हिंदुराव पिशवी हलवत आत आले. "बघितलंस का? मी आणलं!" मग आवाज खाली आणून म्हणाले, "तू आता तिथली कायमची आहेस, तुला सांगायला नको होतं. पण तुझ्या आईचा कवठी चाफा आहे तो. जगेल का?"

अंजनीबाईंनी लेकीच्या पायावर पाय दिला. चांगला जोरात दिला. अक्षदाने आईकडे बघितलं, बापाकडे बघितलं, पेढ्याच्या बॉक्सचा दोरा उगाचच सोडला.

"बाबा," ती म्हणाली, "ही जात कधीच वाळत नाही."

आणि खरंच वाळली नाही. मे महिन्यात 'वरात' करपली, 'डॉक्टर' पिवळे पडले, पण कवठी चाफा जसाच्या तसा. हिंदुराव रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्याच्यापाशी उभे राहतात आणि बायकोला ऐकवतात, "बघ, पहिल्याच खेपेला. हाताचा गुण लागतो." अंजनीबाई "हो बाई, लागतो खरा," म्हणतात आणि त्याला पाणी घालतात. ते आंघोळीला गेले की ओल्या रुमालाने पानांवरची धूळही पुसतात.

परवा दुसऱ्या मजल्यावरच्या उमाताई आल्या. त्या चाफ्यापाशी जाऊन नुसत्या बघत राहिल्या. पद्धत त्यांना ठाऊक होती. त्या दूध उतू जायची वाट बघत होत्या. जरा वेळाने त्यांनी घसा खाकरला. मग स्वतःच म्हणाल्या, "काकू, गॅसवर काही आहे का हो?"

"काही नाही," अंजनीबाई म्हणाल्या. त्यांनी खुर्ची ओढली, ती चाफ्याच्या कुंडीला लावली आणि उमाताईंकडे तोंड करून तिच्यावर बसल्या.